पेटीवरून बासरीवर जाताना मधे खड्डा पडू नये म्हणून: झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्यांसाठी

रात्रीचा एक वाजला होता. लाखांदूर तालुक्यातलं गाव, शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीनिमित्त लागलेलं) नाटक, पेंडॉल गच्च भरलेला. घरात फोन वाजतो आणि सुनेला माहेरची वाईट बातमी कळते, असा प्रवेश. फोनची घंटा मी कीबोर्डवरून द्यायची होती. त्या साली मोबाईलवरून आवाज बदलायचं नवीनच शिकलो होतो, म्हणून ॲपमध्ये आधीच १२५ नंबर भरून ठेवला होता. प्रॉम्प्टरनं मान हलवली, मी स्क्रीनवर बोट लावलं, सूर दाबला आणि भोंग्यांतून हेलिकॉप्टर आलं. पुढच्या चटईवरच्या म्हाताऱ्यांनी माना वर करून आभाळ पाहिलं. वैनगंगेच्या या पट्ट्यात रात्रीच्या हेलिकॉप्टरला कोणी हसत नाही. सुनेचं काम करणारी बाई मुरलेली होती. "कायचा आवाज होय जी हा?" असं सासऱ्याला विचारत तिनं रिसीव्हर उचलला आणि प्रवेश सावरला. मला मात्र त्या रात्री चहा कडू लागला.

असं का झालं ते पुढे सांगतो. पण तेव्हापासून आवाज बदलणं हे मी वेगळं काम म्हणून शिकलो. बोटं तयार असलेले वादक आपल्याकडे पुष्कळ आहेत. गाणं संपून करुण प्रसंग सुरू होताना पेटीचा आवाज कचकन तुटतो, अर्धा सेकंद काहीच नाही, मग एकदम दुप्पट मोठ्यानं व्हायोलिन; तिथं मात्र भले भले घसरतात.

झाडीपट्टी म्हणजे काय, हे २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर मला पुण्याकडच्या दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा. धान निघालं की दिवाळीनंतर मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, शंकरपट होतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. बुकिंगचं ठाणं वडसा. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. संगीत सगळं जिवंत: तबला, ऑक्टोपॅड आणि ऑर्गन. कीबोर्डला आमच्याकडे अजून ऑर्गनच म्हणतात. एका रात्रीत लावणी, विनोदी गाणं, खलनायकाची एंट्री, बाळाचं रडणं, मंदिरातली शहनाई असं सगळं त्या एका वाद्यातून काढायचं असतं. भजन मंडळात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तरी काम हेच, फक्त बदल कमी.

आधी आपलं वाद्य काय करतं ते बघा

बटन दाबल्यावर कीबोर्डाच्या आत दोन गोष्टी होतात. पुढच्या सुरांसाठी नवीन आवाज लागतो, आणि त्या आवाजासोबतचे रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), कोरस, डिले हे इफेक्टही बदलतात. बहुतेक वेळा खटका दुसऱ्या गोष्टीनं बसतो. जुन्या सुराची शेपटी ज्या रिव्हर्बमध्ये तरंगत असते तो रिव्हर्बच पायाखालून काढून घेतला, की शेपटी तुटते.

महागड्या वाद्यांत यावर उपाय करून दिलेला असतो. कॉर्गच्या २०११ च्या क्रोनॉसमध्ये, यामाहाच्या मोंटाज आणि एमओडीएक्समध्ये आवाज न तुटता बदलायची खास सोय आहे. रोलँडच्या अनेक वर्कस्टेशनांत 'पॅच रिमेन' किंवा 'टोन रिमेन' नावाचा पर्याय सापडतो. तो चालू केला की दाबून ठेवलेला सूर जुन्याच आवाजात चालू राहतो. पण इफेक्ट बदलतातच, त्यामुळे त्या सुराचा पोत थोडा हलू शकतो. आपल्याकडच्या बहुतेकांजवळ मात्र वीस-पंचवीस हजारांतलं वाद्य असतं, नाहीतर सेकंडहँड. तेव्हा घरी बसून तीन परीक्षा घ्या.

पहिली: उजव्या हातानं सा दाबून धरा आणि डाव्या हातानं आवाज बदला. सूर जुन्याच आवाजात राहिला तर नशीब चांगलं. तुटला, किंवा 'टक्' झालं, तर तसं लिहून ठेवा. दुसरी: सूर लांबवणारं पेडल दाबा, सूर वाजवा, हात उचला, मग बदला. तिसरी: बटन दाबून लगेच सूर वाजवा आणि नवीन आवाज पहिल्या सुरापासून लागतो का ते ऐका. काही वाद्यांत पहिला सूर अर्धवट निघतो किंवा जुन्याच आवाजात येतो. हे तिन्ही प्रयोग आवाजांच्या एकाच जोडीवर करून थांबू नका. पेटीवरून बासरी, पियानोवरून स्ट्रिंग्स, असं दहाबारा जोड्यांवर करा. एकाच कीबोर्डात एक जोडी गुळगुळीत जाते आणि दुसरी ठेचकाळते. माझ्या वाद्याच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर फक्त ठेचकाळणाऱ्या जोड्या लिहिल्या आहेत.

वही

प्रॉम्प्टरची संहिता मागून घ्या. एक संध्याकाळ त्याच्याशेजारी बसून, जिथं आवाज बदलतो तिथं पेन्सिलनं खूण करा. पेननं नको; विनोदी नट रोज नवीन काहीतरी घालतो. प्रत्येक खुणेपाशी तीन गोष्टी लिहायच्या: बदलाच्या आधीचा शेवटचा शब्द, कुठल्या आवाजावरून कुठल्यावर जायचं, आणि मधे किती वेळ मिळतो. वेळ सेकंदात मोजू नका. 'एक वाक्य', 'एक श्वास', 'काहीच नाही' एवढं पुरतं.

वहीचा खरा उपयोग बदल कमी करण्यासाठी होतो. एका कौटुंबिक नाटकात मी पहिल्यांदा मोजले तेव्हा एक्केचाळीस बदल निघाले. त्यातले बरेच माझ्या हौसेचे होते: दोन ओळींच्या दुःखासाठी सारंगी, लगेच चार सुरांची बासरी, परत सारंगी. प्रेक्षकाला त्यातलं काही कळत नव्हतं, मला मात्र दर खेपेला घाम फुटत होता. छाटून सतरा उरले. जिथं 'काहीच नाही' लिहिलं होतं तिथले बदल एकतर काढून टाकले, नाहीतर पुढे सांगतो तसे स्प्लिटमध्ये घातले.

बदल न करता बदल

हा भाग नीट वाचा, बाकीचा लेख विसरला तरी चालेल. दोन आवाज एकाच वेळी कीबोर्डवर मांडून ठेवले, तर बटन दाबायचंच काम उरत नाही. हात सरकवला की आवाज बदलतो, आणि हाताच्या सरकण्याला खटका नसतो.

साधी मांडणी म्हणजे स्प्लिट. डावीकडे एक आवाज, उजवीकडे दुसरा. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डात पाच सप्तकं मिळतात. यामाहाच्या साध्या पीएसआरमध्ये स्प्लिटची हद्द कारखान्यातूनच ५४ नंबरच्या सुरावर, म्हणजे खालून दीड सप्तकावर लावलेली असते. डाव्या हातानं कॉर्ड धरणाऱ्याला ती ठीक, पण खाली धून वाजवायची तर दीड सप्तकात हात मावत नाही. मी ती मधल्या सी वर, ६० वर आणतो. खाली दोन सप्तकं, वर तीन.

आता खाली पेटी आणि वर बासरी मांडली असं समजा. खालची पेटी दोन सप्तकं खाली गेल्यानं घोगरी, रेड्यासारखी वाजेल. तिचा ऑक्टेव्ह एक घर वर चढवा. वरची बासरी वरच्या सप्तकांत कर्कश होते, ती एक घर खाली उतरवा. मग दोन्ही आवाज जवळपास एकाच पट्टीच्या उंचीवर येतात आणि पेटीतला शेवटचा सा सोडताना उजवा हात बासरीच्या सा वर आधीच टेकलेला असतो. दोन सूर क्षणभर एकमेकांवर चढू द्या. त्या चढण्यातच सांधा लपतो. शिवणकाम करणाऱ्याला विचारा, कापड कापडावर थोडं घ्यावंच लागतं.

दुसरी मांडणी लेयरची, म्हणजे दोन आवाज एकमेकांवर. करुण प्रवेशात गाणं पेटीवर सुरू होतं आणि शेवटच्या कडव्यात स्ट्रिंग्स भरून याव्यात, असं पुष्कळदा लागतं. इथं बदल करू नका. सुरुवातीपासून पेटीखाली स्ट्रिंग्सचा लेयर ठेवा, पण त्याचा आवाज शून्यावर. तुमच्या वाद्यात त्या एका भागाला नॉब, स्लायडर किंवा एक्स्प्रेशन पेडल जोडता येत असेल, तर कडवं येता येता तो हळूहळू चढवा आणि पेटी उतरवा. प्रेक्षकाला वाटतं आणखी कोणी वाजवायला बसलं.

मोठ्या अरेंजर (तयार साथ देणाऱ्या) कीबोर्डांत उजव्या हातासाठी दोन किंवा तीन भाग असतात. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स९०० मध्ये तीन. या तिन्हींत प्रवेशाला लागणारे तीन आवाज भरा आणि भागांची चालू-बंद बटनं वापरा. पूर्ण रजिस्ट्रेशन (मेमरीत साठवलेली मांडणी) बदलताना जे इफेक्ट उलथतात ते इथं जागेवर राहतात. दाबलेला सूर भाग बंद केल्यावर चालू राहतो की मरतो, ते मात्र आपापल्या वाद्यावर पाहून घ्या.

रजिस्ट्रेशन नाटकाच्या क्रमानं

स्प्लिटमध्ये न मावणारे बदल मेमरीत ठेवायचे. यामाहावाले त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात, इतर कंपन्यांत परफॉर्मन्स, यूजर सेट, सीन अशी नावं आहेत. नवशिका वादक इथं एक चूक हमखास करतो: एक नंबरला पेटी, दोनला बासरी, तीनला शहनाई, असं किराण्याच्या दुकानासारखं लावतो. मग प्रवेशात एकवरून चार, चारवरून दोन, दोनवरून सात अशा उड्या माराव्या लागतात, आणि पहाटे तीन वाजता, थंडीनं आखडलेल्या बोटांनी, अंधारात, सातऐवजी आठ दाबलं जातं.

मेमरीला पैसे पडत नाहीत. पेटी पाच ठिकाणी लागत असेल तर पाच ठिकाणी साठवा. पहिलं बटन नांदीची पेटी, दुसरं नायिकेच्या गाण्याचा स्प्लिट, तिसरं परत पेटी, चौथं खलनायकाची एंट्री, अशा क्रमानं. पुढचा आवाज नेहमी उजवीकडच्या शेजारच्या बटनावर सापडला पाहिजे. वाद्यात सोय असेल तर 'पुढचं रजिस्ट्रेशन' हे काम पायातल्या पेडलला द्या. मग दोन्ही हात मोकळे. बँक बदलायची वेळ अंक पडतानाच यावी अशी मांडणी करा. आणि प्रत्येक बँकेचं पहिलं बटन पेटीच ठेवा. नट संवाद विसरला, लाईट गेली, गोंधळ झाला, काहीही झालं तरी पहिल्या बटनावर घर आहे, एवढं बोटाला माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

साठवताना तीन सापळे आहेत.

ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायची सोय, हा पहिला. आपल्याकडे अर्धे वादक सी पासूनच बोटं चालवतात आणि गायक काळी एकमध्ये गात असला की ट्रान्सपोज एकनं चढवतात. हे रजिस्ट्रेशनमध्ये साठवलं जातं. मग तिसऱ्या बटनात ट्रान्सपोज एक आहे आणि चौथं तुम्ही मागच्या महिन्यात शून्यावर साठवलं होतं, असं झालं की भर गाण्यात बासरी अर्ध्या सुरानं उतरते. नायिका काळी चारला गाते, नायक काळी एकला, आणि दोघांचं युगुलगीत असलं की हिशेब आणखी बिघडतो. माझं मत विचाराल तर ट्रान्सपोज सोडा, काळी एक आणि काळी चार बोटांनीच वाजवायला शिका. एक पावसाळा लागतो. तोपर्यंत ज्या वाद्यात 'फ्रीज' आहे तिथं ट्रान्सपोज फ्रीज करून टाका, म्हणजे रजिस्ट्रेशन बदललं तरी तो हलत नाही.

दुसरा सिंक स्टार्ट. साठवताना तो चालू राहिला, तर ते बटन दाबल्यावर डावा हात पट्टीला लागताच रिदम सुरू होतो. एका तरुण ऑर्गनवाल्यानं बापाच्या प्रेतावर लेक रडते त्या प्रवेशात असा ठेका सुरू केलेला मी समोर बसून ऐकला आहे. तबलजीनं हात जोडले. स्टाइल (वाद्यातली तयार साथ) वापरत नसाल तर ती आणि ऑटो-कॉर्ड बंद करूनच प्रत्येक मेमरी साठवा.

तिसरा साधा: साठवल्यावर पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. पेनड्राइव्ह वाद्याच्या खोक्यात ठेवू नका. खोकं हरवलं तर दोन्ही जातात.

उंची जुळवणं

बदल गुळगुळीत झाला तरी आवाज एकदम मोठा झाला की लोक दचकतात, आणि तो दोष आवाज बदलण्यालाच लागतो. प्रत्येक रजिस्ट्रेशनमध्ये भागाचा व्हॉल्यूम वेगळा साठवा. माझ्या वाद्यात पेटी १०० वर असेल तर बासरी ८४ आणि स्ट्रिंग्स ७६ लागतात. तुमचे आकडे वेगळे येतील. ते हेडफोनवर ठरवू नका. हेडफोनमध्ये गोड असलेली बासरी भोंग्यातून कानात खिळा ठोकते, आणि ज्या स्ट्रिंग्समध्ये हेडफोनवर भारदस्तपणा वाटतो त्यातला खालचा भाग भोंग्यात पोचतच नाही. पेंडॉलमध्ये माईक-टेस्टिंगच्या वेळी पाच मिनिटं मागा. तबलजीला वीस-पंचवीस हात मागे उभं करा आणि दोन-दोन आवाज लागोपाठ वाजवून विचारा, "कोणता जास्त होतो जी?" त्याच्या कानावर विश्वास ठेवा.

आणि वायर. गावातल्या साउंडवाल्याकडे तुमच्यासाठी एकच चॅनल असतं. कीबोर्डच्या मागे जिथं 'एल' आणि 'मोनो' एकत्र लिहिलेलं असतं त्याच भोकात जॅक घाला. उजव्या भोकात घातला तर डाव्या बाजूचं काही निघणारच नाही, आणि डावं-उजवं मिक्सरवर एकत्र केलं तर काही पियानो, काही स्ट्रिंग्स चिरक्या आणि पोकळ होतात. तो दोष तुमच्या आवाजाचा नाही, दोन बाजू एकमेकींना खातात.

याच मिक्सरवर आणखी एक काम करून घ्या, यासाठी मी साउंडवाल्याला आधी पान खाऊ घालतो. कीबोर्डातला रिव्हर्ब अगदी कमी करा आणि रिव्हर्ब मिक्सरवरून घ्या. कीबोर्डचा आवाज बदलला तरी मिक्सरचा रिव्हर्ब बदलत नाही, जुन्या सुराची शेपटी त्यात विरघळत राहते आणि नवीन सूर तिच्यावर येऊन बसतो. स्वस्त वाद्यातला निम्मा खटका एवढ्यानं जातो. फक्त रिव्हर्ब आणि इको यात फरक आहे हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो देवीच्या मंडपासारखा 'लो… लो… लो' लावून देतो.

बटन कधी दाबायचं

सगळं जमवूनही एक क्षण उरतोच. आठ मात्रांच्या केरव्यात एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची धरा. सातव्या मात्रेवर सूर सोडा, आठवीवर बटन, समेवर नवीन सूर. समेवर तबल्याची थाप इतकी भरीव पडते की तिच्या आडून काहीही निसटून जातं. म्हणून तबलजीला आधी सांगून ठेवावं, "इथं तिहाई घ्या भाऊ." तिहाई चालू असताना सगळ्यांचे कान तबल्यावर असतात. तेवढ्यात दोन रजिस्ट्रेशनं बदलता येतात.

ताल नसलेल्या ठिकाणी गायकाच्या श्वासावर बदला. आलाप संपताना नाही, संपून तो श्वास घेतो तेव्हा. संवादाखालचं संगीत असेल तर व्यंजनावर: नट 'थांब' म्हणतो, तर 'थां' वर बोट टेकलेलं आणि 'ब' वर दाबलेलं. हे ऐकायला खोटं वाटेल, पण पंधरा दिवसांत अंगात बसतं. बोट बटनावर आधीच टेकवून ठेवायची सवय लावा. शोधायला निघालेलं बोट नेहमी उशिरा पोचतं.

आणखी एक जुगाड. तानपुरा मशीन, नाहीतर जुन्या मोबाईलमधलं तानपुरा ॲप, वेगळ्या चॅनलवर अगदी बारीक चालू ठेवायचं, गायकाच्या सा वर. गाण्यातून करुण प्रवेशात जाताना मधे जो खड्डा पडतो तो या बारीक सुरानं भरून निघतो. शहनाई, सारंगी, बासरी या तिन्हींना तो शोभतो. खलनायकाच्या एंट्रीला बंद करा.

पाय

पियानोवर पेडल दाबून वाजवता आणि तसाच पाय ठेवून पेटी लावता, तेव्हा काय होतं? पियानोचा सूर आपोआप विझतो. पेटीचा, स्ट्रिंग्सचा, ऑर्गनचा विझत नाही. पाय उचलेपर्यंत तो रेटत राहतो आणि त्यावर पुढचे सूर चढून भेळ होते. म्हणून बदलाआधी पाय वर, हा नियम. उलटही चालवता येतं: ज्या वाद्यात पहिली-दुसरी परीक्षा पास झाली आहे, तिथं स्ट्रिंग्सचा सा-प पेडलवर धरून ठेवा आणि त्या छायेत बासरी लावा. ते जमलं की दुसरा वादक ठेवल्यासारखं वाटतं.

पेडलची वायर वाद्य बंद असताना लावा आणि चालू करताना पाय त्यावर नको. पुष्कळ वाद्यं चालू होतानाच पेडल दाबलेलं आहे की सुटलेलं हे वाचून घेतात. तेव्हा पाय असला तर रात्रभर उलटं चालतं.

मोबाईल किंवा दुसरा कीबोर्ड

आता हेलिकॉप्टरचं. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी वायरीतून बोलायची भाषा, १९८३ पासून आहे, आणि १९९१ मध्ये जनरल मिडीची एकशे अठ्ठावीस आवाजांची ठरावीक यादी आली. त्या यादीत १२४ म्हणजे पक्ष्याची किलबिल, १२५ टेलिफोन, १२६ हेलिकॉप्टर, १२७ टाळ्या, १२८ बंदुकीची गोळी. पण वायरीतून जाणारे आकडे शून्यापासून १२७ पर्यंत मोजले जातात. छापील यादी एकपासून मोजते, काही ॲप शून्यापासून. मी यादीतलं १२५ भरलं, ॲपनं शून्यापासून मोजून एक घर पुढचं उचललं. बासरीचंही तेच: यादीत ती ७४, वायरीत ७३. एकानं चुकलात तर पिकोलो नाहीतर रेकॉर्डर हे बासरीच्या जातीचं विलायती वाद्य निघतं, आणि ते बासरीसारखाच वाटत असल्यानं चूक लवकर कळत नाही, नुसतं 'आज बासरी कशीतरी लागते' एवढंच होतं. नवीन ॲप लावलं की पहिली परीक्षा टेलिफोनची घ्या. बंदूक वाजली तर सोडून द्या ते ॲप.

वाद्यात यादीबाहेरचे आवाज असतील तर नंबराआधी बँकेचे दोन आकडे पाठवावे लागतात: आधी कंट्रोल शून्य (कंट्रोल म्हणजे मिडीतली नंबर दिलेली सूचना), मग कंट्रोल ३२, मग आवाजाचा नंबर. क्रम उलटा केला तर जुन्याच बँकेतला आवाज लागतो. सूर अडकून रेकत राहिला तर कंट्रोल १२३ सगळे सूर सोडतो. तो ॲपमध्ये लाल बटनावर लावून ठेवा. आणि मोबाईल विमान मोडवर. नाहीतर ऐन प्रवेशात घरून फोन येतो आणि भोंग्यातून तिर-तिर-तिर.

दोन कीबोर्ड असतील तर आणखी सोपं. खालच्यावर पेटी कायम, वरच्यावर बदल. वरच्यावर पुढचा आवाज लावताना खालचा हात चालूच असतो, तेव्हा खटका ऐकणारं कोणी नसतं. जुना, बिघडलेल्या पट्ट्यांचा कीबोर्डही यासाठी चालतो. त्यातून फक्त स्ट्रिंग्स हव्या असतील तर चार पट्ट्या मेल्या तरी निभतं.

थंडी, दव, जनरेटर

पौषात पहाटे आमच्याकडे वाद्यावर दव साचतं. ओलं बटन घसरतं, आणि ओलसर बटन एकदा दाबलं तरी कधी कधी दोनदा लागतं, म्हणजे तुम्ही एकदा दाबून दोन घरं पुढे जाता. बाजूला कोरडं फडकं ठेवा, दर अंकाला बटनं पुसा. बोटं शेकायला शेगडी ठेवा पण कीबोर्डपासून लांब. जी बटनं लागत नाहीत त्यांच्यावर कागदी चिकटपट्टी लावा. लागतात त्यांच्यावर पांढरा ठिपका. स्टेजवर अंधार केल्यावर तोच दिसतो.

वीज गेली आणि जनरेटरवर आली, तेवढ्यात वाद्य बंद पडून पुन्हा चालू होतं, आणि चालू झालं की पहिल्या आवाजावर, मूळ ट्रान्सपोजवर येतं. ज्यात सेलची सोय आहे त्यात सेल घालूनच बसा. नसेल तर कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस कीबोर्ड आणि तानपुरा मशीन एवढंच ओढण्यासाठी घ्या. त्यावर साउंडवाल्याला चार्जर लावू देऊ नका, तो मागेल.

तालीम

पूर्ण तालीम आपल्याकडे होत नाही. आज हे नाटक, उद्या दुसरं, नट तिसऱ्याच गावाहून येतात. म्हणून फक्त सांध्यांची तालीम करा. रंगरंगोटी चालू असताना, आठ-साडेआठला, वही उघडा. बदलाआधीच्या दोन ओळी, बदल, पुढच्या दोन ओळी. झाला की सरळ पुढच्या खुणेवर. सतरा बदल वीस मिनिटांत होतात. तबलजी असेल तर त्याच्यासोबत, नसेल तर एकट्यानं आणि तोंडानं ठेका धरून. ज्या जोडीवर खटका आला तिथं थांबून तीनदा करायची. तिसऱ्यांदाही आला तर तो बदल आज गाळायचा, पेटीवरच न्यायचं.

नाटक सुटल्यावर सामान मेटाडोरमध्ये चढवायच्या आधी वही पुन्हा उघडा. झोप आलेली असते, पण दुपारी उठल्यावर कुठं अडखळलो ते आठवत नाही. माझ्या वहीत मागच्या मोसमातल्या एका पानावर तिसऱ्या अंकाशेजारी फक्त एवढं लिहिलेलं आहे: 'अकरावर बोट उशिरा. नट लवकर मेला.'